भाच्याला कागद कसे विचारू?

न्यू जर्सीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते:

"मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर इथे आहे आणि माझ्याकडे ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड आहे. एलएलसी (छोटी खाजगी कंपनी) काढून डब्यांचा धंदा सुरू केलाय. स्वयंपाक भाड्याच्या कमर्शियल किचनमध्ये होतो. यजमान एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहेत, शनिवारी-रविवारी पॅकिंग आणि डिलिव्हरीला येतात. ऑर्डरी वाढल्यामुळे आता माणसं लागणारच. एक ग्रीन कार्डवाल्या गुजराती बाई महिन्याभरापासून पोळ्या लाटायला येताहेत. त्याच किचनमध्ये दुसऱ्यांकडे भांडी घासणारा, स्पॅनिश बोलणारा एक माणूस माझ्याकडे यायला तयार आहे. तो ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवतो म्हणतो. पण लायसन्स हल्ली कोणालाही मिळतं असं ऐकलं, म्हणून त्याच्याकडे ग्रीन कार्ड मागावंसं वाटतं. तिसरा माझ्या नणंदेचा मुलगा. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) एमएस करायला आलाय, आमच्याच बेसमेंटमध्ये राहतो. वन्सं म्हणतात, त्याच्याकडून भाडं घेऊ नका, त्याबदल्यात तो शनिवार-रविवार तुमच्या हाताखाली येईल. पगार द्यायचाच नाही म्हटल्यावर प्रश्न नाही ना? अकाउंटंट म्हणाले, आय-९ (कामाचा परवाना तपासल्याचा फॉर्म) वगैरे मोठ्या कंपन्यांना, तुम्ही सगळ्यांना १०९९ (कंत्राटदाराला देतात तो कराचा कागद) देऊन टाका. सासूबाई गणपतीत येतील तेव्हा मोदकांचं भागेल. पण घरच्या पोराला 'कागद दाखव' म्हणायचं कसं? आणि नाही म्हटलं तर वन्संना काय वाटेल?

– मामी"

मामी,

तुमच्या पत्रात कामाला हात लावणारी माणसं मोजली तर तुम्हाला धरून सहा भरली. तुम्ही विचारलंय दोघांबद्दलच. भाच्याला विचारायला तुम्हाला संकोच वाटतो आणि भांडीवाल्याला जरा जास्तच विचारावंसं वाटतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं तुम्ही धरून चाललाय. मला तो एकच प्रश्न दिसतो. आपल्या माणसाला सूट आणि परक्याची झडती, या दोन्हींवर इथला कायदा एकाच वेळी बोट ठेवतो.

हा कायदा १९८६ चा. त्याआधी कामाचा परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तरी केंद्रीय कायदा मालकाला जवळपास हात लावत नसे, अडकायचा तो काम करणारा. ६ नोव्हेंबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि तपासायची जबाबदारी मालकाच्या गळ्यात पडली. त्या तारखेनंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाचा आय-९ फॉर्म हवा. पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेल्या गोऱ्या नागरिकाचा हवा आणि काल उतरलेल्याचाही. त्याच वेळी संसदेत एक भीती व्यक्त झाली होती की मालक आता झंझट नको म्हणून परक्या चेहऱ्याच्या, परक्या उच्चाराच्या माणसाला दारातूनच परत पाठवतील. म्हणून त्याच कायद्यात भेदभावाविरुद्धचं कलमही घातलं गेलं. भीती खोटी नव्हती. १९९० साली संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने अहवाल दिला की या तपासणीच्या निमित्ताने व्यापक प्रमाणावर भेदभाव होतोय. त्यात सोसणारे कोण होते? आपल्यासारखे दिसणारे, आपल्यासारखं बोलणारे.

आधी तुमच्या अकाउंटंटचं. आय-९ ला धंद्याच्या आकाराची अट नाही. एक माणूस पगारावर ठेवलात तरी एक फॉर्म. आणि १०९९ हा करभरणीचा कागद आहे, तो हातात दिल्याने नोकर कंत्राटदार होत नाही. पोळ्यावाल्या बाई तुमच्या वेळेला येतात, तुमच्या तव्यावर, तुम्ही सांगाल त्या जाडीची पोळी लाटतात. न्यू जर्सीत कंत्राटदार कोण, हे ठरवायची कसोटी तर आणखी कडक आहे. माणूस तुमच्या हुकमाबाहेर काम करतो का, तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं किंवा तुमच्या जागेबाहेर काम करतो का, त्याचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे का, या तिन्हींत उतरलं पाहिजे. त्या बाई एकीतही उतरत नाहीत. अकाउंटंटला कर कळतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हा प्रश्न मात्र एम्प्लॉयमेंट किंवा इमिग्रेशनवाल्या लॉयरला एकदा तासाभराची फी देऊन विचारा. एका फॉर्मचा दंड त्या फीपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो. २०२५ च्या दरांप्रमाणे नुसत्या कागदी चुकीचा दंड दर फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर आहे, आणि माहीत असून बिनपरवान्याचा माणूस ठेवला तर त्याहून जास्त.

आता तो स्पॅनिश बोलणारा माणूस. तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे. २०२१ पासून न्यू जर्सीत साधं लायसन्स इमिग्रेशनचे कागद न दाखवताही निघतं. पण आय-९ मध्ये लायसन्सकडून कामाच्या परवान्याचा पुरावा कोणी मागतच नाही. फॉर्मसोबत कागदपत्रांच्या तीन याद्या असतात. 'ए' यादीतला कागद ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही एकदम सिद्ध करतो: अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी. 'बी' यादी फक्त ओळखीची, त्यात लायसन्स येतं. 'सी' यादी फक्त कामाच्या हक्काची, त्यात सोशल सिक्युरिटी कार्ड, इथला जन्मदाखला वगैरे. 'ए' मधला एक, नाहीतर 'बी' आणि 'सी' मधला एकेक. कोणता द्यायचा ते काम करणाऱ्याने ठरवायचं. तो लायसन्स आणि सोशल देतोय, ते दिसायला खरे आहेत आणि त्याचेच वाटतात, तर तुमचं काम संपलं. त्यावर ग्रीन कार्ड मागायचं नाही. कदाचित त्याच्याकडे ते नसेलही, कारण तो इथेच जन्मलेला नागरिक असेल. पोर्टोरिकोत, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावर, जन्मलेला माणूस जन्मतःच अमेरिकन नागरिक असतो, आणि न्यू जर्सीत अशी माणसं भरपूर आहेत. स्पॅनिश ऐकू आलं की आपल्या मनात 'बॉर्डर' येते. गोऱ्या मालकाच्या मनात आपला उच्चार ऐकून काय येत असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सोशल कार्डावर एकच गोष्ट नीट वाचा. आपल्या लोकांना ती लगेच कळेल. तुमचं स्वतःचं कार्ड काढा. नावाच्या वर एक ओळ असेल: 'व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथोरायझेशन'. म्हणजे हे कार्ड एकटं चालत नाही, सोबत परवाना हवा. एच-४, एफ-१, एच-१बी, बहुतेकांच्या कार्डावर ती असते. अशी ओळ असलेलं कार्ड 'सी' यादीत बसत नाही. भांडीवाल्याच्या कार्डावर ती ओळ असली, तर त्याला यादीचं पान पुन्हा द्या आणि म्हणा, "हे कार्ड यात बसत नाही, यातलं दुसरं काही असेल तर दाखव." दुसरं काय, ते तुम्ही सुचवायचं नाही. अशी कुठलीच अट छापलेली नसली तर प्रश्न मिटला. कागदातले तज्ज्ञ होऊन होलोग्राम तपासत बसावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. सरळ बुद्धीने पाहिल्यावर खरा वाटतो का, एवढंच. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायलाही मुभा नाही, कार्डावर नाव एक आणि लायसन्सवर भलतंच असेल तर ते दिसलं पाहिजे.

चारपेक्षा कमी माणसं असली की भेदभावाचं ते केंद्रीय कलम लागू होत नाही, हे खरं. त्यावर विसंबू नका. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा तुमच्याएवढ्या छोट्या मालकालाही सोडत नाही.

आता भाचा. पगार नाही म्हणून प्रश्न नाही, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य. आय-९ साठीच्या सरकारी मार्गदर्शिकेतच लिहिलंय की मोबदला म्हणजे कामाच्या बदल्यात दिलेली कोणतीही मोलाची गोष्ट, आणि जेवण व राहायची जागा ही उदाहरणं तिथेच दिली आहेत. आपल्या घरात भाचा राहतो, दोन घास खातो, याला कोणी पगार म्हणणार नाही. तो नुसता राहत असता तर मी काही बोललेच नसते. पण वन्संनी वाक्य उच्चारलं ते 'त्याबदल्यात'. भाडं माफ, त्याबदल्यात दोन दिवस काम. व्यवहार तिथेच ठरला. त्यातून नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात 'फुकट मदत' म्हणून माणूस राबवणं कामगार कायद्यालाही खपत नाही.

एफ-१ ला कॉलेजच्या आवारात, शिकवणी चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आवाराबाहेर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचं काम) किंवा ओपीटी (आपल्या विषयातल्या कामाच्या अनुभवासाठीची परवानगी) मंजूर झाल्याशिवाय जवळजवळ काहीच नाही. बिनपरवान्याचं काम केलं तर व्हिसाची स्थिती मोडते. ते आज कोणी पकडलं नाही तरी पुढे एच-१बी ला बदली मागताना, त्यापुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात 'अमेरिकेत कधी परवान्याविना काम केलंय का' हा प्रश्न समोर उभा राहतोच. तेव्हा त्या मुलाला खोटं लिहावं लागेल, नाहीतर खरं लिहून भोगावं लागेल. तुम्हाला दंड होईल आणि तुम्ही तो भरालही. त्याचं मात्र करिअर पणाला लागेल, आणि तेही महिन्याच्या चारशे-पाचशे डॉलरच्या भाड्यापायी.

"मग तो माझ्यासाठी ऑर्डरचं ॲप लिहून देईल" असं मनात आलं असेल तर तेही काम. लॅपटॉपवर केलं म्हणून वेगळं होत नाही. सीपीटीची वाट आहे, पण काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, साधारण एक शैक्षणिक वर्ष पुरं झालेलं लागतं आणि कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने) आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या दाखल्यावर) आधी नोंद करावी लागते. मामीच्या डब्यांच्या धंद्यासाठी डीएसओ ती करेल असं मला वाटत नाही, आणि लटपट करून करून घेऊही नये. ओपीटीत तो कुठेही त्याच्या विषयातलं काम करू शकेल. स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांसाठीची) पुढची २४ महिन्यांची मुदत हवी असेल तर मालक ई-व्हेरिफायमध्ये (कामाचा परवाना ऑनलाइन पडताळायच्या सरकारी यंत्रणेत) नोंदलेला असावा लागतो, तेव्हा त्याने नोकरी शोधताना तिकडे आत्तापासून लक्ष द्यावं.

कागद विचारायचा संकोच तुम्ही मनावर घेतलाय. भाच्याला कागद विचारायची वेळच येत नाही हो! तो विद्यार्थी आहे आणि त्याला हे काम करता येत नाही, हे तुम्हाला फॉर्म न भरताही माहीत आहे. प्रश्न फक्त वन्संचा उरतो. तो फोन तुमच्या यजमानांनी करावा. बहीण त्यांची आहे, आणि मामीने नाही म्हटलं की ते मामीच्या स्वभावावर जातं. सांगायचं एवढंच: "त्याच्या व्हिसावर बाहेर काम चालत नाही, उद्या त्याच्या ग्रीन कार्डाला अडेल. भाडं आम्ही तसंही घेत नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये किंवा लायब्ररीत काम मिळतं, ते त्याने धरावं." आणि तुम्हाला त्याला चार पैसे द्यावेसे वाटत असतील तर द्या की. वाढदिवसाला द्या, दिवाळीला द्या, कामाशी त्याचा संबंध ठेवू नका म्हणजे झालं. आई-वडिलांना परदेशातल्या नियमांची कल्पना नसते, पण 'मुलाचं नुकसान होईल' हे वाक्य सांगलीपासून सॅन होजेपर्यंत कुठल्याही आईला पहिल्या झटक्यात कळतं.

आता तुम्ही न विचारलेलं. माझ्या जिवाला घोर लागला तो खरं तर तुमच्या यजमानांमुळे. एच-१बी एका मालकासाठी असतो. तुमच्या एलएलसीत ते पैसे गुंतवू शकतात, भागीदार म्हणून नाव असू शकतं. पण शनिवारी डबे बांधून गाडीने पोचवणं हे जर एरवी तुम्हाला पगारी माणसाकडून करून घ्यावं लागलं असतं, तर ते काम आहे. नवऱ्याने बायकोला केलेली मदत कुठे संपते आणि धंद्याचं काम कुठे सुरू होतं, ही रेषा पुसट आहे हे मान्य. म्हणूनच तिच्यापासून चार हात लांब राहावं. तुमचा एच-४ त्यांच्या व्हिसावर उभा आहे आणि तुमचा ईएडी एच-४ वर. तिकडे धक्का लागला की सगळंच गडगडेल. घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघर आवरावं, पोरांचा अभ्यास घ्यावा, तुम्हाला चहा करून द्यावा. डिलिव्हरीला माणूस ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकांना येऊन डबे न्यायला सांगा. पुष्कळ जण येतात, वर गप्पाही मारून जातात.

सासूबाई बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) येणार असतील तर त्यांचंही तेच. घरच्या गणपतीला त्यांनी एकवीस काय, एकशे एक उकडीचे मोदक करावेत. ऑर्डरीचे मोदक मात्र नकोत. म्हाताऱ्या माणसाला किचनमध्ये बसवून कळ्या पाडायला लावल्या तर कोण बघतंय, असं तुम्ही म्हणाल. पण फेसबुकवर 'आमच्या सासूबाईंच्या हातचे मोदक, डझनाला इतके डॉलर' अशी जाहिरात आपण स्वतःच टाकतो, हे मी दर गणपतीत बघते. त्यांच्याकडून प्रमाण शिकून घ्या आणि मोदक तुमचे तुम्ही वळा.

आणि तुमचा स्वतःचा ईएडी. त्यावरची तारीख बघा. पूर्वी मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज टाकला की जुन्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळायची, बरीच वर्षं १८० दिवस आणि नंतर ५४० दिवसांपर्यंत. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना, एच-४ धरून, ती सोय बंद झाली. नवं कार्ड हातात नसताना जुनं संपलं तर तुम्हाला थांबावं लागेल, डबे बंद. मुदतीच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्या पहिल्याच आठवड्यात करा. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेण्याआधी ही तारीख बघावी.

नोकरी करणाऱ्या बाकी ईएडीवाल्या मैत्रिणींनीही हे लक्षात घ्यावं. कार्डाची मुदत संपते तेव्हा मालकाला तुमचा परवाना पुन्हा तपासावाच लागतो, त्यात त्याचा राग नसतो. पण नव्या नोकरीत एचआरने ईएडी पाहून "ग्रीन कार्ड का नाही" म्हणून अडवलं, तर ईएडी 'ए' यादीत आहे, एवढंच शांतपणे म्हणा. न्याय खात्यात अशा तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे. मुलाखतीत "तुम्हाला इथे काम करायचा परवाना आहे का, पुढे स्पॉन्सरशिप लागेल का" असं विचारता येतं, ते सगळ्या उमेदवारांना विचारलं पाहिजे. ई-व्हेरिफाय न्यू जर्सीत खाजगी मालकाला सक्तीचं नाही. फ्लोरिडात मात्र १ जुलै २०२३ पासून २५ वा अधिक माणसं असलेल्या मालकाला ते लागतं, ॲरिझोनात तर सगळ्यांनाच. तुम्ही हौसेने त्यात नाव घातलंत तर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काढावं लागेल, निवडून एखाद्याला नाही. दोन माणसांच्या किचनसाठी मी तरी ते करणार नाही.

फॉर्मबद्दल एक गैरसमज बहुतेकांचा असतो की तो कुठेतरी पाठवायचा असतो. कुठेही पाठवायचा नाही, तो तुमच्याच कपाटात राहतो. सरकारने तपासणीची नोटीस दिली तर निदान तीन कामाचे दिवस मिळतात आणि तेव्हा तो काढून द्यायचा. इमिग्रेशन खात्याच्या साइटवरून चालू आवृत्ती उतरवून घ्या. काम पक्कं केल्यावर, त्याआधी नाही, सूचना आणि याद्यांसकट सगळा फॉर्म माणसाच्या हातात द्या. पहिला भाग त्याने फार तर कामाच्या पहिल्या दिवशी भरायचा. दुसरा भाग तुम्ही, मूळ कागद समोर बघून, तीन कामाच्या दिवसांत. सोमवारी कामावर आला तर गुरुवारपर्यंत. कागद बघून लगेच परत द्या. झेरॉक्स ठेवायची तर सगळ्यांची ठेवा, नाहीतर कोणाचीच नको. कार्ड हरवलंय आणि नवीन मागवल्याची पावती आहे म्हणाला तर ती साधारण ९० दिवस चालते. माणूस सोडून गेला तरी फॉर्म लगेच फाडायचा नाही. कामावर आल्यापासून तीन वर्षं किंवा सोडल्यापासून एक वर्ष, यांतली नंतरची तारीख येईपर्यंत तो ठेवा. सप्टेंबर २०२६ ला आला आणि डिसेंबर २०२७ ला गेला तर एक वर्षाने डिसेंबर २०२८ होतं, पण तीन वर्षं सप्टेंबर २०२९ ला पुरी होतात. म्हणून २०२९.

पोळ्यावाल्या बाईंचा फॉर्म मात्र महिनाभर उशीर झालाय. त्या ग्रीन कार्डवाल्या आहेत हे तुम्हाला 'माहीत आहे', त्याने भागत नाही. त्यांच्यासमोरही तेच यादीचं पान ठेवा. त्यांनी ग्रीन कार्ड दिलं तर ते घ्या, लायसन्स आणि बिनओळीचं सोशल दिलं तर ते घ्या. मागची तारीख अजिबात घालू नका. कामावर आल्याची खरी तारीख तिच्या रकान्यात, सह्यांपुढे भराल त्या दिवसाची तारीख, आणि सोबत एका कागदावर दोन ओळी: उशीर का झाला आणि कळल्यावर लगेच भरला. तो कागद फॉर्मलाच स्टेपल करा. हे या आठवड्यातच उरका, भांडीवाल्याला बोलावण्याआधी.